गुणाजीची खुंटी

गुणाजी भटवाडीचा चढ चढला तो आपली जुनी ट्रंक आणायला. रविवारची दुपार होती. टेकडीवर सुक्या बांगड्याचा वास सुटला होता.

तीन वर्षांपूर्वी तो इथेच, गावकऱ्यांच्या खोलीत, डझनभर गाववाल्यांबरोबर राहायचा. पत्ते, तंबाखू आणि दर शनिवारी भजन. मृदंग त्याचा. पुढे रात्रशाळेतून मॅट्रिक झाला, कारकुनी मिळाली, मुलुंडला घर झालं, आणि ही माणसं नकोशी वाटू लागली. खोली सोडणाऱ्याने देवापुढे नारळ ठेवायचा, खोलीतल्या म्हाताऱ्याने देवाला गाऱ्हाणं घालायचं, बाकीच्यांनी "व्हय म्हाराजा" म्हणायचं, मग खुंटीवरचे कपडे उतरवायचे, अशी खोलीची रीत. गुणाजी मात्र सगळे कामाच्या पाळीवर असताना गुपचूप सटकला. सदरासुद्धा खुंटीवरच राहिला.

हल्ली त्याच्या उशीला तंबाखूचा वास येई. त्याने तर केव्हाच सोडली होती. "पुन्हा सुरू केलीत ना?" त्याची बायको रत्नप्रभा विचारी. शपथ घेतली तरी तिचा विश्वास बसेना.

खोलीत म्हातारे धोंडिरामकाका एकटेच तांदूळ निवडत बसले होते.

"आज दुपारचो इलंस?"

"काका, तीन वर्षांनी येतोय मी."

"असा सायबासारख्या काय बोलतंस?" काका हसले, मग हसायचे थांबले. "काल रात्री तुझ्याच मृदंगार भजन झाला. जेवलंस... थंयच निजलंस."

खुंटीखाली चटई अंथरलेली होती. वर त्याचा निळा सदरा. गुणाजीने हात लावला. काखेत घामाने ओला होता.

त्याला घाम फुटला. आणि खोटं कशाला बोला, हेवाही वाटला.

"तो कसा वाजवतो?" त्याने हळूच विचारलं.

"पूर्वीसारखोच. झकास."

गुणाजी धावत जाऊन नाक्यावरून नारळ घेऊन आला. "काका, माका सोडवा..." त्याची जुनी बोली आपसूक तोंडात आली.

काकांनी हात जोडले. "बा देवा म्हाराजा, जो जाता हा, तेका सुखान जावंदे. जो ऱ्हवता हा, तेका सांभाळ..."

खोलीत दोघेच होते. गुणाजीचे ओठ मिटलेले होते.

"व्हय म्हाराजा," खुंटीखालून आवाज आला. तंबाखूने जड झालेला, त्याचाच.

सदरा तसाच ठेवून, ट्रंक उचलून तो उतरला.

उशीचा वास गेला. रत्नप्रभा खूश झाली. शनिवारी संध्याकाळी ती स्वयंपाकघरात असताना गुणाजी ट्रंकेसमोर बसला. खोलीच्या आठवणीने जीव तुटत होता. एकदाच ठेका धरावा म्हणून त्याने ट्रंकेवर बोटं ठेवली. काही आठवेना. ज्या हातांनी रात्री जागवल्या, त्यांना एक थापही सुचेना. तो तसाच बसून राहिला, डोळे भरून आले.

"थांबू नका हो," आतून रत्नप्रभा म्हणाली. "किती छान वाजवताय."

गुणाजीने खाली पाहिलं. त्याची बोटं ट्रंकेवर निपचित पडली होती.