कट्ट्यावरची हजेरी

फोन आला तेव्हा फौजदार संध्या खिल्लारेच्या हातातला चहा गरम होता. तो तसाच राहिला. ती एसटी डेपोत पोहोचली तेव्हा माणसं गाठोड्यांसकट फाटकाबाहेर उभी होती आणि रिकाम्या गाड्यांच्या सीटांखाली पोलीस बॅटऱ्या मारून पाहत होते.

एवढा गोंधळ एका वाक्यानं केला होता. आदल्या संध्याकाळी इंटरनेटवरच्या ‘हिंगोलीकरांचा कट्टा’ या पानावर कुणीतरी लिहिलं होतं : ‘उद्या सकाळी डेपोत हजेरी घेतली जाईल. राहतील ते राहतील, जातील ते जातील.’ लिहिणाऱ्यानं नाव घेतलं होतं, ‘हजेरी’.

सापडलं काय, तर कुणाची तरी विसरलेली छत्री आणि पिशवीभर वांगी. पण साल दोन हजार आठ होतं. देशात जागोजागी स्फोट झालेले. असलं वाक्य थट्टेवारी न्यायची कुणाची छाती नव्हती.

कट्ट्यावर गेला महिनाभर एकाच विषयावर रण पेटलं होतं. नेट कॅफेत येणाऱ्याकडून ओळखपत्र घ्यावं का? कॅमेरे लावावेत का? कोण काय लिहितं, वाचतं, हे सरकारनं पाहावं का? एका बाजूला तातेराव गुरुजी, निवृत्त मुख्याध्यापक आणि शहरातल्या दक्षता मंडळाचे अध्यक्ष. ते स्वतःच्या नावानं लिहायचे. ‘लपवण्यासारखं काही नाही, तर भिता कशाला?’ हे त्यांचं ठरलेलं वाक्य. त्याला ‘हजेरी’नं उत्तर दिलं होतं : ‘गुरुजी, तुम्ही न्हाणीचं दार लावता. आत चोरी करता का?’ त्यावर अख्खा कट्टा हसला होता. तरुण पोरं अजून हसत होती.

तिसऱ्या दिवशी संकेतस्थळ चालवणाऱ्या कंपनीनं सगळं कळवलं. खातं कुणाचं, मजकूर कोणत्या कॅफेतून पडला, किती वाजता. वेळ सायंकाळी सहा वीस. नाव जगन आडे, राहणार शिरड शहापूरजवळचा तांडा.

जगन पोलीस भरतीत पास झाला होता. धावला, लेखीत निघाला, आता फक्त चारित्र्य पडताळणी राहिली होती. तोच आता कोठडीत बसला होता. गुन्हा नोंदला गेला की वर्दीचं नाव काढायला नको, हे त्याला सांगावं लागत नव्हतं.

‘‘‘हजेरी’ तूच?’’ संध्यानं विचारलं.

‘‘व्हय, मॅडम.’’

‘‘आणि डेपोचं वाक्य?’’

‘‘ते माझं न्हाई.’’

‘‘सहा वीसला कुठं होतास?’’

‘‘डेपोत. गाडी चुकती म्हणून कॅफेतून पळत सुटलो, तर गाडी लागलेलीच नव्हती. चहा पिऊन झाला तरी पत्ता न्हाई.’’

‘‘जाताना खातं बंद केलंस?’’

जगन आठवू लागला. ‘‘घाई होती, मॅडम. आजाचं काहीतरी लिहून राहिलो होतो. अर्धंच झालं, पाठवलं न्हाई. तसाच उठलो वाटतं.’’

हवालदार किशनराव दारातून हसले. वीस वर्षांच्या नोकरीत त्यांना गुन्ह्याच्या जागी हजर असलेला एकही आरोपी भेटला नव्हता. त्या वेळी जो तो गाडीच पकडायला गेलेला असायचा.

‘‘मॅडम, क्यामेऱ्यात दिसून राहिला ना,’’ ते बाहेर आल्यावर म्हणाले. ‘‘या तुमी, दाखवतो.’’

पडद्यावर कोपऱ्यात सहा वीस वाजले होते. जगन खुर्चीत वाकून टाईप करत होता. पाच मिनिटांनी तो ताडकन उठला, दार लोटून पळाला. खुर्ची रिकामी. साडेसहा वाजले आणि पडदा काळाकुट्ट झाला.

‘‘हे काय?’’

‘‘लाईट गेली. लोडशेडिंग. पण त्याच्या आधीच काम झालं ना त्याचं.’’

‘‘कॅमेऱ्याची वेळ तपासली?’’

‘‘म्या सोता. भितीवरच्या घड्याळासंगं लावून पाह्यली. बराबर. मिनिटाचा फरक न्हाई.’’

पुरावा पक्का होता. तरी संध्याला चैन पडेना. खरं सांगायचं तर पोरगा सुटावा असं तिला वाटत होतं, आणि असं वाटणाऱ्या फौजदारानं स्वतःवरच आधी संशय घ्यावा, हेही तिला कळत होतं.

दुपारी तातेराव गुरुजी ठाण्यात आले. तक्रार त्यांनीच दिली होती. संध्या त्यांची विद्यार्थिनी. मुलींनी भरतीला उतरावं, हे तिच्या आईला घरी येऊन पटवणारे तेच. ती खुर्चीवरून उठली.

‘‘बस, पोरी, बस. शाब्बास! सापडला ना?’’

‘‘चौकशी चालू आहे, गुरुजी.’’

‘‘चौकशी काय राहिली? मी महिनाभर सांगून राहिलो, तोंड झाकून लिहिणाऱ्याच्या मनात काळंबेरं असतंच. आता म्हणेल, आमच्या बापजाद्यांनी सोसलं. आजा म्हणे बापाचं बोट धरून नाक्यावर हजेरीला जायचा, आणि शिपाई बापाच्या अंगठ्याची शाई या पोराच्या सदऱ्याला पुसायचा! असं वाचलं की लोक विरघळतात. तू विरघळू नको.’’

संध्यानं मान डोलावली. गुरुजींना फाटकापर्यंत सोडलं.

फाटकाबाहेर कडुलिंबाखाली एक म्हातारा उकिडवा बसला होता. लाल फेटा, हातात काठी. किशनराव म्हणाले, ‘‘जगनचा आजा, भावसिंग. सकाळपासून बसून हाय. आत ये म्हणलं तर येईना.’’

दुसऱ्या दिवशी सकाळी संध्या कॅफेत गेली. चार कॉम्प्युटर, चार प्लायवूडचे आडोसे, भिंतीवर घड्याळ, त्याखाली कॅमेरा. मालक रविंद्र घाम पुसत होता.

‘‘कॅमेरा हौसेनं लावलास?’’

‘‘कशाची हौस, ताई? दक्षता मंडळानं मागं तगादा लावला.’’

‘‘लाईट गेल्यावर?’’

‘‘आपल्या भागाची लाईट सव्वासहाला जाते. कॉम्प्युटर इन्व्हर्टरवर चालतात, क्यामेरा न्हाई. तेवढा दम न्हाई त्या इन्व्हर्टरात. आणि लाईट गेली की ते मशीन टाइम-बिम सगळं विसरतं. आली की म्या पुन्हा लावतो, ह्या घड्याळावर.’’

‘‘त्या दिवशी लाईट गेल्यावर आत कोण होतं?’’

‘‘कॉलेजची पोरं होती. गुरुजी आले होते. म्या होतो. अंधारात कोण कुठं बसला, कोण पाहतं?’’

संध्यानं घड्याळाकडे पाहिलं आणि दचकली. अकराला दहा कमी! अकराला साहेबांकडे बैठक. ती तशीच निघाली, जीप दामटली, जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढली. वर साहेबांचा शिपाई निवांत टेबलं पुसत होता. ‘‘लवकर आल्या आज, मॅडम,’’ तो म्हणाला. तिला स्वतःचाच राग आला.

बैठक संपवून ती परतली तेव्हा भावसिंग तिथंच होता. ती त्याच्यासमोर खाली बसली. म्हाताऱ्यानं अंग चोरलं.

‘‘आजोबा, आत का येत नाही?’’

‘‘आमी ठाण्यात न्हाई जात, बाई.’’

‘‘काहून?’’

त्यानं काठीनं मातीत रेघा ओढल्या. मग सांगितलं. निजामाच्या राज्यात त्यांच्या तांड्यातल्या गड्यांना सांजच्याला नाक्यावर हजेरी द्यावी लागायची. चोरी केली म्हणून नाही, करतील म्हणून. तो लहान होता, बापाबरोबर जायचा. अंगठा उठवून झाला की शिपाई बापाचा हात धरायचा आणि शाई याच्या सदऱ्याला पुसायचा. रोज. आई रोज सदरा धुवायची, डाग काही जायचा नाही.

‘‘हे कुणाकुणाला ठाऊक आहे?’’

‘‘कुणाला न्हाई. माझ्या लेकालाबी न्हाई. लाज वाटती, बाई. पाचेक दिसांमागं जगन पास झाला म्हणून घरात गोड केलं, तवा पयल्यांदा त्याला सांगितलं. म्हणलं, तू आता तिकडच्या बाजूला चाललास, कुणाच्या लेकराला शाई पुसू नको. दुसऱ्या दिशी त्यो हिंगोलीला आला अन्‌ हे झालं.’’

संध्या झटकन उठली.

ती ठाण्यात आली आणि कट्ट्यावरची महिनाभराची वादावादी पहिल्यापासून वाचायला बसली. शिव्या, टाळ्या, कायद्याची कलमं, न्हाणीचं दार, सगळं होतं. सदरा कुठंही नव्हता. शाई नव्हती. तिनं पुन्हा वरपासून वाचलं. नव्हतीच.

पण सहा वीसला खुर्चीत जगन होता. कॅमेऱ्यानं पाहिलं होतं. त्यापुढं सगळं अडत होतं.

तेवढ्यात ठाण्यातली लाईट गेली. कुणीतरी मेणबत्ती शोधू लागलं. ठाणं आणि कॅफे एकाच भागात, एकाच तारेवर. संध्यानं सवयीनं मनगटाकडे पाहिलं. सव्वासहा.

आणि कॅमेऱ्यातला पडदा काळा झाला तेव्हा कोपऱ्यात साडेसहा होते.

‘‘किशनराव,’’ ती अंधारातच म्हणाली, ‘‘उद्या सगळ्यांना कॅफेत बोलवा. गुरुजींनाही. तक्रारदार म्हणून.’’

दुसऱ्या दिवशी दुपारी कॅफेचं शटर अर्ध्यावर ओढलं होतं. रविंद्र गल्ल्यामागं, जगन दोन शिपायांमध्ये, गुरुजी मानाच्या खुर्चीवर. भावसिंग रस्त्यापलीकडे उभा होता.

‘‘रविंद्र, घड्याळात किती वाजले?’’

‘‘सव्वातीन, ताई.’’

‘‘किशनराव, तुमच्या हातातल्यात?’’

किशनरावांनी मनगट डोळ्यांजवळ नेलं, मग दूर नेलं. ‘‘तीन,’’ ते पडेल आवाजात म्हणाले.

‘‘हे घड्याळ पुढं का आहे?’’

रविंद्र ओशाळला. ‘‘आमच्या दादांची सवय, ताई. पाव तास पुढं ठेवलं म्हणजे गिऱ्हाईक वेळेवर उठतं, कुणाची गाडी चुकत न्हाई. घरोघर तसंच अस्तंय की.’’

‘‘असतं. माझ्या आईचंही आहे. म्हणून कुणाच्या ध्यानात आलं नाही. रविंद्र कॅमेऱ्याची वेळ या घड्याळावर लावतो, आणि किशनरावांनी कॅमेरा तपासला तोही याच घड्याळाशी. चुकीची साक्ष चुकीनंच दिली. कॅमेऱ्यात सहा वीसला जगन दिसतो, तेव्हा खरे सहा पाच झाले होते. हे घड्याळ पाहूनच तो पळाला, म्हणून डेपोत त्याला गाडी लागलेली दिसली नाही. मीही काल अशीच साहेबांकडे धावले. खऱ्या सव्वासहाला लाईट गेली, कॅमेरा बंद पडला. मजकूर पडला सहा वीसला. त्या वेळी हा कॅमेरा आंधळा होता.’’

‘‘म्हणजे कुणीही लिहिलं असेल,’’ गुरुजी म्हणाले. ‘‘कॉलेजची पोरं होती.’’

‘‘होती. पण जगन खातं उघडं टाकून गेला होता. पडद्यावर त्याचं अर्धवट लिहिलेलं तसंच होतं. त्या खुर्चीवर जो बसला त्यानं आधी ते वाचलं, मग पुसलं, मग स्वतःचं वाक्य लिहिलं. आता मला सांगा, गुरुजी, सदऱ्याला शाई पुसायचे हे तुम्ही कुठं वाचलंत?’’

‘‘कट्ट्यावर. त्यानंच लिहिलंय की.’’

‘‘कट्ट्यावर नाही. मी दोनदा वाचला.’’

‘‘मग कुणीतरी बोललं असेल.’’

‘‘भावसिंग आजोबांनी ते जन्मात एकदाच सांगितलं, जगनला, आदल्या दिवशी. जगननं ते लिहिलं फक्त या पडद्यावर, आणि पाठवलं नाही. ते वाचणारा माणूस जगात एकच आहे.’’

बाहेरून एक ट्रॅक्टर गेला. गुरुजींनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसत राहिले.

‘‘मी ठरवून आलो नव्हतो,’’ ते अखेर म्हणाले. ‘‘बसलो आणि समोर त्याचंच खातं. महिनाभर ज्यानं मला पोरांच्या हसण्याचा विषय केलं, तो असा उघडा पडलेला. चाळीस वर्षं शिकवलं मी, माझ्यावर कुणी हसलं नव्हतं. वाटलं, एकदा घाबरू देत. मग कळेल पहारा काहून लागतो.’’

‘‘आणि पोरगा कोठडीत गेल्यावर?’’

‘‘वाटलं, सुटेल दोन दिवसांत.’’

‘‘तुम्ही मला शाब्बास म्हणायला आलात, गुरुजी.’’ तिला ओरडायचं होतं, रडायचंही होतं. ‘‘मला वर्दीत बघून आईपेक्षा तुम्हाला आनंद झाला होता. यालाही तीच वर्दी मिळणार होती ना?’’

गुरुजींनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. किशनरावांनी त्यांना हाताला धरून उठवलं. शिक्षकांना धरतात तसं, हलकेच.

संध्याकाळी सुटकेचे कागद झाले. पोराला घेऊन जाणाऱ्या घरच्या माणसाचा अंगठा हवा होता. भावसिंग ठाण्याच्या पायरीपर्यंत आला आणि थांबला. जगन आतून म्हणाला, ‘‘ये, आजा. म्या हाय.’’

म्हातारा आत आला. संध्यानं पडताळणीच्या कागदावर ‘गुन्हा नाही’ असं स्वतःच्या हातानं लिहिलेलं त्याला वाचून दाखवलं.

‘‘म्हंजी नाव निघालं न्हवं आमचं?’’ त्यानं विचारलं. ‘‘समद्या वह्यांतून?’’

तिला हो म्हणवेना. कंपनीकडे ते होतं, कॅमेऱ्यात होतं, पेपरातही छापून आलं होतं. ‘‘माझ्या वहीतून निघालं, आजोबा,’’ ती म्हणाली.

त्यानं शाईच्या डबीत अंगठा बुडवला, कागदावर दाबला. मग तो हात तसाच हवेत धरून उभा राहिला, कुणीतरी येऊन धरेल अशा बेतानं. संध्यानं खिशातला स्वतःचा पांढरा रुमाल काढून पुढं केला.

भावसिंगानं रुमालाकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

‘‘ऱ्हाऊ द्या, बाई,’’ तो म्हणाला. ‘‘लेकरू सोडवायची शाई हाय ही. ही न्हाई पुसायची.’’

आणि अंगठा सदऱ्याला लागणार नाही असा जपून धरत, नातवाच्या मागोमाग तो पायऱ्या उतरला.