सतरा नंबरचा गोळा

काल संध्याकाळी काचेच्या कपाटात एकच पोलादी गोळा होता. आज सकाळी दोन निघाले.

रेल्वे सुरक्षा दलाच्या उपनिरीक्षक अश्विनीनं आजवर पाकिटं शोधली, मोबाईल शोधले, एकदा तर चोरीची बकरीही मालगाडीतून उतरवली होती. जास्तीची वस्तू सापडल्याची वर्दी मात्र पहिल्यांदाच आली होती.

वेटिंग हॉलमध्ये स्टेशनच्या जुन्या वस्तू मांडल्या होत्या. अकराला उद्घाटन होतं आणि स्टेशनमास्तरांना आत्ताच घाम फुटला होता.

"मॅडम, मार्ग एकेरी होता तेव्हा हा गोळा जवळ असल्याशिवाय ड्रायव्हर गाडी हलवत नसे. गाडी आली की पॉइंट्समन तो घेऊन मास्तरांना आणून द्यायचा. मास्तर यंत्रात टाकायचे, वेळ लिहायचे, तेव्हा कुठे लाईन क्लिअर, पुढची गाडी सुटायची. हा सतरा नंबरचा ब्याण्णवच्या जानेवारीत हरवला. पॉइंट्समन कारभारीची नोकरी गेली."

"कपाटाची किल्ली कुणाकडे?"

"सविताकडे. हॉलची अटेंडंट." त्यांनी आवाज खाली आणला. "कारभारीचीच मुलगी."

झालं! बापानं लपवलेला गोळा लेकीनं गुपचूप आणून ठेवला. अश्विनीच्या लेखी प्रकरण मिटलं. तिनं सविताला भर हॉलमध्ये, प्रवाशांच्या देखत बाकावर बसवलं. चार माणसं बघायला थांबली, तर त्यांनाही तिनं हटकलं नाही.

"कपाट कधी बंद केलं?"

"काल पाचला. रंगनाथसायबांनी समदं मांडलं, मंग मी कुलूप घातलं."

"तेव्हा गोळे किती?"

"मी एकच बघितला. शेवटाला ते परत आत हात घालून कायतरी सारखं करत हुते, तवा मी पडदे ओढत हुते."

"तुमचे वडील या गोळ्याबद्दल काय सांगतात?"

"मास्तरच्या टेबलावर ठिवला, येवढंच. तेहतीस वर्सं त्येच सांगत्यात." सवितानं मान वर केली. "नोकरी गेली तसे आई-आबा ऊसतोडीला लागले. मी फडाशेजारी पाचटाच्या कोपीत वाढले. तिसगावात आजबी आमाला गोळाचोर म्हनत्यात. मॅडम, मीच ह्यो आनून ठिवला आसता, तर आबाला चोर ठरवनारी मीच न्हाई का झाले?"

अश्विनी वरमली. हा साधा विचार तिला आधी सुचायला हवा होता. तिनं गोळा रुमालात उचलून निरखला. कोरलेल्या आकड्यांत काळ्या लोकरीचे बारीक धागे अडकले होते. नाकाशी नेला, तर डांबरगोळीचा वास.

तेवढ्यात रंगनाथकाका आले. वय अठ्ठ्याहत्तर, निवृत्त मास्तर, स्टेशनचा इतिहास तोंडपाठ. प्रदर्शन त्यांच्याच मेहनतीचं होतं. अश्विनीनं गोळा टेबलावर ठेवला. स्टेशनमास्तर पुन्हा वाकले, सविता वाकली, बाकावरचा एक प्रवासीसुद्धा नंबर वाचायला उठला. रंगनाथकाका तेवढे चष्मा पुसत बसून राहिले.

"काका, त्या दिवशी ड्यूटीवर कोण होतं?"

"मी."

"कारभारींनी गोळा दिला होता?"

"नाही. तसं चौकशीत लिहून दिलंय मी."

"मग सविताताईंनीच तो आणून ठेवला म्हणायचा?"

"त्या मुलीला सोडा," काका म्हणाले. "तिचा काही संबंध नाही."

"हे तुम्हाला कसं माहीत?"

अश्विनी शेजारच्या कपाटाकडे गेली. तिथं मास्तरांचा हिवाळी काळा कोट टांगलेला होता. खाली चिठ्ठी: 'रंगनाथ यांजकडून भेट'. कोटाला डांबरगोळीचा तोच वास होता आणि उजवा खिसा गोल लोंबला होता. तिनं गोळा त्या खिशात सोडला. तो आपल्या जागी परत गेल्यासारखा बसला.

"लोकरीचा कोट मास्तरांना मिळायचा, पॉइंट्समनला नाही," ती म्हणाली. "गोळा वर्षानुवर्षं याच खिशात होता. प्रदर्शनाला कोट द्यायचा, म्हणून खिसा रिकामा करावा लागला. काल कुलूप लागण्याआधी शेवटचा हात कपाटात तुमचा होता. आणि काका, आज सगळ्यांनी नंबर वाचला. तुम्ही वाचला नाहीत, कारण तुम्हाला तो पाठ होता."

काकांच्या हातातला चष्मा खाली पडला.

"ड्यूटी संपत आली होती. कारभारीनं गोळा टेबलावर ठेवला. मी उचलला, तोच फोन वाजला. बोलता बोलता खिशात टाकला आणि तसाच घरी गेलो. तासाभरानं माणसं विचारायला आली. मी म्हणालो, मला दिलाच नाही. तेव्हा खोटं बोलत नव्हतो हो, आठवतच नव्हतं! ती माणसं जिना उतरत होती आणि माझा हात खिशात गेला. एक हाक मारायची होती. नाही मारली. दुसऱ्या दिवशी तर शुद्धीवर असून तेच लिहून दिलं. पुढं तीनदा विहिरीत टाकायला गेलो, टाकवेना. काल वाटलं, गोळा सापडला की कारभारी सुटेल."

"आबा कुटं सुटला?" सविता म्हणाली. "तुमी गोळा ठिवला, नाव न्हाई ठिवलं. मंग मी बसले बाकावर."

ते ऐकून अश्विनीचीही मान खाली गेली. बाकावर बसवणारी ती स्वतःच होती. "माझं चुकलं, ताई," ती म्हणाली. बघ्यांच्या देखत म्हणाली, कारण बसवलंही त्यांच्या देखतच होतं. मग तिनं काकांपुढे कागद ठेवला. त्यांनी सगळं लिहिलं, खाली सही केली.

सवितानं तिसगावला फोन लावून स्पीकर चालू केला. "आबा, सतरा नंबर घावला. मास्तरांच्या खिशात हुता."

रंगनाथकाकांनी फोन घेतला. "कारभारी, मी..."

"माफीचं मागनं बघू, सायेब," म्हातारा आवाज आला. "आदी गोळा यंत्रात टाका. तवापासनं लाईन अडकून पडलीय."

जुनं यंत्र हॉलच्या कोपऱ्यात मांडलेलं होतं. काकांनी गोळा वरच्या भोकात सोडला. तो आतल्या आत गडगडत गेला आणि खण्णकन तळाशी बसला. सवितानं मोबाईल यंत्राजवळ धरला होता.

"आला आवाज," कारभारी म्हणाला. "आता टाइम लिवा."

अश्विनीनं जबाबाच्या खाली लिहिलं: दहा वाजून चाळीस मिनिटं.