हिरव्या थराचं कारण

सकाळी दार उघडलं, तर एक अनोळखी माणूस आमचं दार खरवडत होता.

एका हातात ब्लेड, गळ्यात दोरीला बांधलेलं भिंग, खांद्यावर पावसाचे थेंब. बाहेर भुरभुर चालू होती आणि हा बिजागरीजवळचा रंग इतक्या हळुवारपणे काढत होता, की मला ओरडायचंही सुचेना.

"दार वाजवतात," मी म्हटलं. "खरवडत नाहीत."

"वाजवलं होतं. दोनदा." त्यानं वळून पाहिलं. त्याच्या पापणीवर तपकिरी रंगाचा एक कण अडकला होता. "आतून कोणीतरी म्हणालं, 'काय करायचं ते करा, पण मला झोपू द्या.'"

ते मीच म्हटलं होतं, उशीत तोंड खुपसून. मी त्याला आत यायला जागा दिली आणि विषय बदलला.

दोन दिवसांत सगळी गल्ली त्याला 'खरवड्या' म्हणू लागली. पालिकेला रस्ता रुंद करायचा होता, आणि ती रुंदी निघणार होती आमच्या घरांसमोरच्या दगडी पायऱ्यांमधून. त्या पायऱ्या म्हणजे आमच्या गल्लीचा दिवाणखाना. मटार सोलणं, पेपर वाचणं, भांडणं आणि मग ती मिटवणं, सगळं तिथेच चालतं. गल्लीचं नाव जुन्या वास्तूंच्या यादीत गेलं तर पायऱ्या वाचणार होत्या. म्हणून आमच्या समितीनं, म्हणजे एकट्या निवृत्त हेडमास्तरांनी, या माणसाला बोलावलं होतं. प्रत्येक दारावर टपालाच्या तिकिटाएवढी जागा निवडायची, रंगाचा एकेक थर उघडा करत लाकडापर्यंत जायचं आणि त्या घराचा पहिला रंग कोणता ते लिहायचं, हे त्याचं काम.

त्याच्या तक्त्यात चार रकाने होते. थर, रंग, साल, कारण.

"कारण कशाला हवं?" मी विचारलं.

"उगाच कोणी दार रंगवत नाही. लग्न ठरतं, बाळ होतं, भाडेकरू बदलतो. घरातल्यांना विचारलं की सापडतं."

आमच्या दाराला तीनच थर निघाले. आमचं रंगांचं दुकान. अख्ख्या गल्लीला रंग आम्ही देतो. नमुना आणा, हुबेहूब कालवून देते, अशी माझी ख्याती. आणि घरच्या दाराला तीन थर... दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. बाबांना कारण विचारलं, तर तिन्ही वेळा एकच उत्तर आलं, "डबा उरला होता."

त्यानं हसू दाबत तसंच लिहिलं. मग भिंग माझ्या हातात देऊन "बघा" म्हणाला, मी वाकले, तोही वाकला आणि आमची डोकी एकमेकांवर आपटली. "लागलं?" त्यानं विचारलं. मुळीच लागलं नव्हतं. मी "थोडंसं" म्हणाले.

दुपारी त्यानं सामान आवरलं. "तुमचं झालं," म्हणाला आणि निघाला. एका दिवसात सगळं आटोपलं याचं मला जरा वाईट वाटलं. पण मग तो बारा नंबरला गेला, आणि वाईट वाटायचं थांबून भलतंच काहीतरी सुरू झालं.

बारा नंबरला दातांची डॉक्टर राहते. खाली दवाखाना, वर घर. माझ्याच वयाची, शाळेत माझ्याच बाकावरची, आणि खोटं कशाला बोला, देखणी. हसते छान. हसणारच. दात दाखवले नाहीत तर तिचा धंदा कसा चालायचा?

आमच्या काउंटरवरून तिचं दार सरळ दिसतं. दुकान बांधताना कोणीतरी याचा विचार करायला हवा होता. बाकीची दारं तो सकाळी सकाळी उरकायचा, आणि मग तिच्या दाराशी. पहिला दिवस तिथे होता, दुसरा होता, चौथाही होता. सहाव्या दिवशी ती त्याच्यासाठी चहा घेऊन बाहेर आली, कपबशीतून. मी त्याला साधं पाणीसुद्धा विचारलं नव्हतं. आठव्या दिवशी पाऊस वाढला, तर ती त्याच्या डोक्यावर छत्री धरून उभी राहिली. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. त्या दिवशी एका गिऱ्हाइकानं आकाशी मागितला आणि मी त्याला जांभळा कालवून दिला. आयुष्यात पहिल्यांदा.

नवव्या दिवशी तो दुकानात आला. कागदाच्या पुडीत नखाएवढा पोपडा होता.

"हा रंग ओळखाल?"

"गुलाबी."

"ते मलाही दिसतंय. कुठला गुलाबी?"

"बारा नंबरचा."

"तुम्ही नीट पाहिलंही नाही."

"पाहायचं काय त्यात? तुम्ही सध्या दुसरीकडे असता कुठे?"

तो गोंधळला. "नऊ थर आहेत हो त्या दाराला..."

"असतील. हौस असते एकेकाला."

त्यानं पुडी मिटली, दोन पावलं गेला, परत आला. "तुमचं दार साधं आहे. पण..."

"पण काय?"

"काही नाही. लाकूड चांगलं आहे."

लाकूड चांगलं आहे, म्हणजे काय? दोन दिवस मी त्या वाक्याचा अर्थ लावत होते. अकराव्या दिवशी, रविवारी, तो पुन्हा बारा नंबरच्या पायरीवर दिसला आणि माझा धीर सुटला. दुकान बंद होतं, आईबाबा गावाबाहेर गेले होते. मी दाराच्या आतल्या बाजूला, चौकटीच्या खालच्या कोपऱ्यात, तळहाताएवढी जागा लाकडापर्यंत खरवडली. शेवाळासारखा, मळका, जुनाट हिरवा कालवला. त्यात लवकर सुकायचं औषध घातलं, लावला, हेअर ड्रायर फिरवला. त्यावर आमचे नेहमीचे तीन थर चढवले आणि सगळ्यांत वर काजळी चोळली. हातखंडा काम झालं होतं. माझं मलाच कौतुक वाटलं.

सोमवारी मी रस्त्यातच त्याला गाठलं. "अहो, आमच्या दाराच्या आतल्या बाजूला टवका उडालाय, अगदी पहिल्या राखाडीच्याही खाली काहीतरी हिरवं दिसतंय. काय असेल?"

तो आला. गुडघ्यावर बसला, ब्लेड फिरवलं, भिंग लावलं. मग भिंग पुसून पुन्हा लावलं.

"काय झालं?"

"वेगळंच आहे..." तो हळूच म्हणाला.

"किती दिवस लागतील?"

"सांगता येत नाही. चार... पाच." मला तोंड फिरवावं लागलं, इतकं हसू फुटत होतं.

ते पाच दिवस मला अजून तासातासानं आठवतात. मी त्याला चहा देत होते, ग्लासातून, बारा नंबरच्या कपापेक्षा मोठ्या. तो पायरीवर बसून प्यायचा आणि पागोळ्या आमच्या पायांपुढे पडत राहायच्या. तो म्हणाला, "आम्ही भाड्याच्या घरांत वाढलो. दार ओळखीचं व्हायच्या आत बदलायचं."

"म्हणून आता दुसऱ्यांची दारं खरवडता?"

"म्हणून दुसऱ्यांची दारं खरवडतो." असं म्हणून तो माझ्याकडे बघत राहिला, आणि चहा गार झाला.

पण रोज दुपारी बारा वाजले, की तो उठायचा.

"कुठे?"

"बारा नंबरला. अहवाल छापायचाय. गल्लीत प्रिंटर त्यांच्याकडेच आहे."

"प्रिंटर. हो. हल्ली सगळ्यांना प्रिंटरच लागतो."

शुक्रवारी संध्याकाळी हेडमास्तर आमच्या पायरीवर येऊन टेकले. त्यांनी चौकटीतला हिरवा स्वतः पाहिला होता आणि ते भलतेच खूश होते. "गल्लीतलं सगळ्यांत जुनं घर तुमचं," ते बाबांना म्हणाले. "तुमच्या दाराचा पहिला रंग, तोच आता गल्लीतल्या सगळ्या दारांना. रविवारी बैठकीत अहवाल वाचू. मग पालिकेचा माणूस यंत्र घेऊन तपासायला येणार. एक जरी गोष्ट खोटी निघाली, तर यादीत नाव लागायचं राहिलं म्हणून समजा. पायऱ्या गेल्या आणि या बिचाऱ्याचा शब्दही गेला."

'बिचारा' शेजारीच उभा होता. "अहवाल वाचेपर्यंत थांबा, सर," एवढंच तो म्हणाला. पण थांबतंय कोण? बाबांनी त्याच संध्याकाळी पिंपभर हिरवा कालवायला घेतला.

करायला गेले एक आणि झालं भलतंच. शनिवारी सकाळी मी ठरवलं, त्याला एकट्याला गाठून खरं काय ते सांगून टाकायचं. तो बारा नंबरला होता. मी दवाखान्याच्या काचेशी पोचले आणि थबकले. तो रुग्णाच्या खुर्चीत मान मागे टाकून बसला होता, आणि ती तिच्या बारीक चिमट्यानं त्याच्या पापणीवरचा रंगाचा कण काढत होती. डोळ्यात जाईल म्हणून काढत असेल, तिचा हात स्थिर असतो, चिमटा तिच्याकडेच असतो, हे सगळं मला कळत होतं. पण ती पापणी मी आधी पाहिली होती. मी आल्या पावली परत फिरले, आणि सांगायचं ते पोटातच राहिलं.

बैठकही बारा नंबरलाच ठेवली, बसायला बाकडी होती म्हणून. भिंतीवर भल्यामोठ्या दाढेचं चित्र, त्याखाली हेडमास्तर, शेजारी कागद घेऊन तो. बावीस घरांतली माणसं दाटीवाटीनं बसलेली. सात नंबरची आजी माझ्या कानात म्हणाली, "पोरी, त्या पायरीवर बसून मी दोन सुना आणि पाच नातवंडं वळणावर आणली. ती गेली तर मी बसू कुठे?"

"घर नंबर तीन," हेडमास्तर म्हणाले. "पहिला रंग..."

मी उठले. "वाचू नका सर. तो हिरवा खोटा आहे. मी लावलाय. मागच्या रविवारी."

सगळे वळले. हेडमास्तरांनी चष्म्यावरून पाहिलं, शाळेत पाहायचे तसं. "कारण?"

"कारण... यांनी बारा नंबरला अकरा दिवस घेतले. आमच्याकडे एक." आता सुरू झालंच होतं. "मला ते सहन झालं नाही. ते परत यावेत म्हणून मी लावला. मला ते आवडतात. चूक माझी आहे, त्यांना दोष देऊ नका."

मागून बाबांचा आवाज आला, "अगं, मग त्या पिंपाचं काय करू?"

त्यानं कागद हेडमास्तरांपुढे सरकवला. हेडमास्तरांनी वाचलं, "घर नंबर तीन. थर तीन. पहिला रंग राखाडी. कारण, डबा उरला होता." त्यांनी पान उलटून पाहिलं. हिरव्याचं नाव कुठेच नव्हतं.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. बावीस घरांसमोर मी न विचारता सगळं सांगून बसले होते.

"तुम्हाला... माहीत होतं?"

"भिंग लावलं तेव्हाच कळलं. जुन्या दोन थरांच्या मध्ये धूळ बसलेली असते. काळी, बारीक रेघ दिसते. तुमच्या हिरव्यावर रेघ नव्हती."

रंगाच्या दुकानात वाढलेली मी. थरांमध्ये धूळ घालायचं मला सुचलंच नव्हतं. "मग पाच दिवस काय करत होतात?"

तो कानापर्यंत लाल झाला. "सहाव्या दिवसासाठी कारण शोधत होतो."

आजीनं मला कोपर मारलं. तेवढ्यात डॉक्टरीणबाई कपाट बंद करून वळली. "अगं, मी यांना इतके दिवस चहा दिला," ती म्हणाली. "एकदाही त्याबद्दल अक्षर बोलले नाहीत. तुझ्या चहाला मात्र रोज इथे येऊन नावं ठेवायचे. फार गोड असतो म्हणे. आणि तरी थेंब ठेवत नाही म्हणे." ती हसली, पण या वेळी तिचे दात दिसले नाहीत. मला पहिल्यांदाच तिच्यासाठी वाईट वाटलं. जाताना मी तिचा हात धरला, तिनंही तो क्षणभर तसाच राहू दिला.

यादीत नाव लागायला पुढे दोन महिने गेले, पण पायऱ्या वाचल्या. त्या संध्याकाळी मात्र त्याच पायऱ्यांवर सगळी गल्ली मुद्दाम रेंगाळत होती आणि आमच्याकडे न बघितल्यासारखं करत होती.

तो चौकटीपाशी बसला होता. मी कापूस आणि रंग काढायच्या औषधाचा डबा घेऊन आले. "पुसून टाकते तो हिरवा."

"नको. राहू दे." त्यानं तक्त्याचा कोरा कागद काढला. "अहवालात नाही, हा माझ्यापुरता." त्यानं लिहिलं, थर चौथा, रंग हिरवा, साल चालू. मग पेन्सिल माझ्यापुढे धरली. "कारण तुम्ही लिहा."

मी लिहिलं, 'मत्सर'. माझे कान तापले होते.

त्यानं ते वाचलं. मग त्यानं खाली आणखी एक ओळ आखली. थर पाचवा. रंग कोरा, साल कोरं. कारणाच्या रकान्यात त्यानं वळणदार अक्षरात लिहिलं... 'लग्न'. आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "तुम्ही हो म्हणत असाल, तर रंग तुम्ही निवडा. कुठलाही चालेल मला."

पागोळ्या थांबल्या होत्या. पलीकडच्या पायरीवर आजीनं मटार सोलणंही थांबवलं होतं.

"हो," मी म्हटलं. "गुलाबी सोडून कुठलाही."