नवव्या माशाची सुटका

"चार द्या. सगळे साधारण एवढे." तिने अंगठा आणि तर्जनी यांमध्ये माप धरून दाखवलं.

"चार नुसते नेऊन सोडलेत, तर चारही जातील."

हे शोभेचे मासे विकणारे काका बोलले नव्हते. काउंटरच्या कडेला पंपाची नळी वेटोळं करून धरलेला एक उंच माणूस बोलला होता. निळा कामाचा शर्ट, वर सरकवलेल्या बाह्या, मनगटावर वंगणाचा पुसट डाग. ती त्याला 'तुम्हाला कुणी विचारलं?' असं सुनावणारच होती. पण तोंडातून निघालं भलतंच.

"मग… काय करू?"

आणि असं म्हणताना आपला आवाज रडवेला झाला, याचा तिला स्वतःचाच राग आला.

रडवेला होणारच. खाऱ्या पाण्याची ती टाकी तिच्या दादाची. दादा मालवाहू बोटीवर इंजिनिअर. सहा महिन्यांसाठी जाताना त्याने टाकी, तिच्यातले प्रवाळ आणि नऊ डॅमसेल मासे तिच्या गळ्यात घातले होते. निळसर-हिरवे, बोटाएवढे. एकाने तोंड वळवलं की नऊच्या नऊ वळत, आणि दिव्याखाली क्षणभर सगळं पाणीच हिरवं होऊन जाई. कामावरून आलं की ती पर्स न ठेवता आधी तेच बघत बसायची. पण आता पाचच उरले होते. आधी एकाची शेपूट कुरतडलेली दिसे, मग तो कोपरा धरी, मग एका सकाळी नसे. आणि दर फोनला ती दादाला सांगत होती, "नऊही मजेत आहेत रे." दादा यायला तीन आठवडे राहिले होते.

"हे मासे दिसायला गरीब," तो माणूस म्हणाला. "कळप मोठा असला की भांडण सगळ्यांत वाटलं जातं. कळप लहान झाला की सगळा राग एकावरच निघतो. तो संपला की पुढचा."

"कित्येक घरांत असंच चालतं," काका पाकीट बांधता बांधता म्हणाले.

"आधी गुंड ओळखायचा. त्याला भोकांच्या डब्यात घालून दहा दिवस टाकीतच लटकवून ठेवायचा. दगडांची जागा बदलायची, म्हणजे हा कोपरा माझा, असं म्हणायला कुणी उरत नाही. मग नवे चार एकदमच सोडायचे. खाणं थोडं थोडं, पण चार-पाचदा. पोट भरलेलं असलं की कुरापती सुचत नाहीत."

"एवढं सगळं कोण करणार?"

"मी." तो पटकन बोलून गेला, आणि लगेच नळीकडे बघायला लागला. "म्हणजे… मी लिफ्ट दुरुस्त करतो. पण संध्याकाळी मोकळा असतो. माझ्याकडे सात आहेत, तीन वर्षं झाली. एकही गेला नाही."

तीन वर्षं! तिने पहिल्यांदाच त्याच्याकडे नीट पाहिलं.

दुसऱ्याच दिवशी तो डबा घेऊन हजर झाला. आईने दार उघडलं, त्याला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं आणि चहा टाकायला गेली. तो टाकीसमोर गुडघ्यांवर बसला आणि काचेजवळ वाकून बघू लागला. मग म्हणाला, "काय सुंदर ठेवलीय हो टाकी! हा फांद्यांचा प्रवाळ बघा, किती फुटलाय. रात्री प्रत्येक मासा यात आपापल्या ठरलेल्या फटीत झोपतो."

"ते मला माहीत आहे," ती म्हणाली. "सगळ्यात बारका डावीकडून तिसरीत."

त्याने वळून तिच्याकडे पाहिलं. गुणाचं कौतुक करताना माणूस चेहरा लपवत नाही, आणि या गड्याला तर लपवणं जमतच नसावं. तिचे कान गरम झाले.

गुंड म्हणून त्याने सगळ्यात थोराड मासा पकडला, डब्यात घातला. दोघांनी मिळून दगड हलवले, नवे चार सोडले. तो रोज येऊ लागला. तिसऱ्या दिवशी आईने विचारलं, "याला मासे आवडतात की आपला सोफा?"

पण चौथ्या संध्याकाळी नव्या माशांपैकी एकाची शेपूट कुरतडलेली दिसली.

"पण गुंड तर आत आहे!" तो चक्रावून म्हणाला, आणि टाकीत बघायला इतका पुढे सरकला की त्याचं नाक काचेला टेकलं. काचेवर तसा डाग रोजच उमटत असे. ती तो रोज पुसत असे. पण आज तिच्यातली धंदेवाईक नजर जागी झाली.

"एक विचारू? थर्मामीटरचे आकडे इथून दिसतात तुम्हाला?"

"दिसतात की."

"किती?"

"…लाल आहेत."

दुसऱ्या दिवशी त्याला तिच्या चष्म्याच्या दुकानात यावंच लागलं. आतल्या अंधाऱ्या खोलीत तिने त्याच्या नाकावर जड चौकट चढवली. त्यात एकेक भिंग घालायला तिला बरंच जवळ वाकावं लागत होतं. हे काम ती दिवसातून वीसदा करायची. आज पहिलंच भिंग खाली पडलं.

"आता चांगलं दिसतं, की मघाशी?"

"मघाशी तुम्ही जास्त जवळ होतात."

"अक्षरांबद्दल विचारतेय मी!"

"हां… अक्षरं आत्ता."

ती हसू दाबत पुढचं भिंग शोधायला लागली. ते तिच्या हातातच होतं.

चष्मा लावून तो त्या संध्याकाळी टाकीसमोर बसला, आणि त्याचा चेहरा पडला. पाठीच्या पराला खाच असलेला एक शिडशिडीत मासा, कुणाचं लक्ष नाहीसं बघून, बारक्याला गपकन टोचून साळसूदपणे परत रांगेत जात होता.

"हा आहे गुंड," तो हळूच म्हणाला. "मी भलत्यालाच कोंडलं. थोराड दिसला, एवढाच त्या बिचाऱ्याचा गुन्हा. आणि तुम्हाला मी मोठ्या तोंडाने शहाणपण शिकवत होतो."

कुणी दुसरा असता तर त्याने काकांना बोल लावला असता, नाहीतर पाण्याला. याने सरळ कबूल केलं. बाई गं, आवडला मला हा माणूस, असं तिच्या मनात इतक्या स्पष्टपणे आलं की आपण मोठ्याने तर बोललो नाही ना, म्हणून तिने स्वयंपाकघराकडे पाहिलं.

दिवा मालवून, मासे फटींत शिरल्यावर, दोघांनी पाण्यात हात घातले. तिने फांदीशी जाळी धरली, त्याने अलगद मासा तिकडे वळवला. मासा जाळीत आला. कोपरापर्यंत ओले झालेले दोन हात मात्र जरा वेळ तिथेच, एकमेकांना लागून राहिले. थोराड मासा सुटला, शिडशिडीत आत गेला.

त्यानंतर एकाही शेपटीला ओरखडा आला नाही. आठ मासे सकाळ-संध्याकाळ एकमेकांना धरून पोहू लागले, कुणी पुढे, कुणी मागे, आणि पुढचा कोण हे दर वळणाला बदलणारं. दहावा दिवस आला. तो डब्याकडे बघून म्हणाला, "अजून… दोन दिवस ठेवू या. घाई नको."

"नकोच," ती म्हणाली.

बारावा झाला, तेरावा झाला. डब्यातला मासा कधीच शांत झाला होता. टोचायला कुणी नाही, भोकांपलीकडे फिरणारा कळप बघत राहायचा. ती सकाळी त्याच्याकडे न बघताच खाणं टाकी.

चौदाव्या दिवशी दादा आला, सांगितल्यापेक्षा एक दिवस आधीच. बॅग दारात टाकून तो थेट टाकीपाशी गेला. लिफ्टवाला तिथेच होता. त्याला उठावं की बसावं, कळेना.

"आठ… आणि डब्यात एक. नऊ! बारके, कमाल केलीस."

ही वेळ होती, गप्प बसायची. पण तिला दोन आठवड्यांपूर्वीची त्याची कबुली आठवली.

"दादा, त्यातले चार नवे आहेत. तुझे चार गेले. मी फोनवर खोटं बोलले."

दादाने डोकं खाजवलं. "मग माझंही ऐक. मी पंधरा आणले होते. तू सुट्टीला मावशीकडे होतीस तेव्हा सहा गेले. कुणाला सांगितलं नाही." मग तो डब्यापाशी वाकला. "पण हा अजून का डांबून ठेवलाय? हा तर केव्हाच निवळलाय. दहा दिवस पुरे होतात."

दादाने चष्मेवाल्या पाहुण्याकडे पाहिलं, बहिणीकडे पाहिलं, आणि "आई, पाणी दे गं," म्हणत आत निघून गेला. आत आई काहीतरी बोलली आणि दोघं हसली.

"खरं सांगू?" तो म्हणाला. नजर डब्यावर, बोटं चष्म्याच्या काडीवर. "दहाव्या दिवशीच सोडायला हवा होता. पण तो सुटला असता तर… अकराव्या दिवशी मी काय सांगून आलो असतो? चुकलंच माझं. मला तुम्ही आवडता. फार. पण त्यापायी त्या बिचाऱ्याला चार दिवस जास्त…"

"डब्याची कडी मलाही उघडता येते," ती म्हणाली.

तो बघतच राहिला. नवा चष्मा, त्यातून बघणारे मोठे मोठे डोळे. हे सांगायला आपण चार दिवस घालवले, याचं तिला हसू आलं.

"चल, धर डबा," ती बाही वर सारत म्हणाली. "आणि उद्या येशील तेव्हा कारण नको आणूस. नुसताच ये."

दोघांनी मिळून कडी काढली. मासा दारात जरासा घुटमळला. समोरून आठ जण आले, वळले, आणि तो त्यांच्यात मिसळला. पुढच्या वळणाला त्यातला नववा कोणता, ते तिला ओळखता आलं नाही.