खंडेनवमीचा पाना

अक्षरा, काकूजवळ बस जरा. आयुष्यात एकच नवस मी असा बोलले की तो अजून फेडतेय. खंडेनवमीला आपल्या घरात विळीसुद्धा हलत नाही. सगळ्यांना दहीभात आणि केळी. तुम्ही पोरं हसता. हसा. पण हे माझ्या डोळ्यांसमोर घडलंय.

सत्त्याण्णव सालची खंडेनवमी, शुक्रवार. तू आईच्या पोटात होतीस, सातवा महिना. दुसऱ्या दिवशी पहाटे तुझ्या आईला बेळगावला माहेरी न्यायचं होतं, आणि आपल्या मारुतीत प्रत्येक खड्डा तिच्या कमरेत बसायचा. म्हणून तुझ्या बाबांनी होसकोट्याच्या भंगारातून, अपघात झालेल्या एका गाडीच्या नव्यासारख्या स्प्रिंगा आणल्या.

त्या बसवून घ्यायला गेले, तर येलहंक्याचा मेकॅनिक शिवकुमार हत्यारांना कुंकू-फुलं वाहून बसलेला. म्हणाला, "अण्णा, आज बेडा, आज नको. आज हत्यारं विश्रांतीला. आणि या स्प्रिंगांच्या गाडीत माणूस गेलाय. रात्रभर पूजेत राहू देत, उद्या मीच बसवतो."

"उद्या तू उठशील तोवर आम्ही तुमकूर गाठू रे!" बाबा हसले. शिवकुमार प्रसादाचे चुरमुरे बांधायला वळला, तेवढ्यात त्यांनी पूजेतला मोठा पाना पिशवीत टाकला.

रात्री पावणेनऊ. अंगणात मी बॅटरी धरलेली. बाबांनी शेवटचा नट आवळला.

"आता बघा वहिनी, पाळण्यासारखी झुलेल!"

चाकामागे त्यांचा हात अजून चाचपत होता. गाडी खाली बसली... वर आली.

"कोण बसलंय आत?" बाबांनी विचारलं.

आत कुणी नव्हतं.

पुन्हा खाली. पुन्हा वर. जोरात. जॅक उडाला, भिंतीचा गिलावा फुटला. हात आत अडकला. गाडी आपटत राहिली. हाड मोडल्याचा आवाज. पुन्हा. रक्त माझ्या पायांवर.

"वहिनी... हात..."

मी ओरडले, "आई भवानी! माणूस ठेव. आजच्या दिवशी या घरात पुन्हा लोखंड चालणार नाही..."

गाडी थांबली.

ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडलं... सावकाश. आणि मिटलं.

बाबांची दोन बोटं गेली, ती तू रोज बघतेस. माणूस राहिला. पाना मात्र अंगणात कुठेच सापडेना. सकाळी शिवकुमारनं माझ्यासमोर गॅरेजचं कुलूप काढलं. पाना पूजेत होता, आपल्या जागी. वरची फुलं ताजी. आणि कुंकू...

ओलं होतं.

आज नवमी आहे, बाळ. स्कूटरचं काम उद्या कर. आण तो हातातला पाना, देवीपुढे ठेव, आणि त्या रात्री मी बोलले तेवढंच तूही बोल.