पाचवी पाकळी

अकरा फुलं प्रज्ञाने बिनबोभाट संपवली आणि बाराव्याला येऊन ती अडकली.

जळगावचं एक छोटं प्रकाशन लहान मुलांसाठी पुस्तक काढत होतं. कुणी केसात माळत नाही की हारात ओवत नाही, अशी शेतातली फुलं त्यात होती. तीळ, तूर, अंबाडी, भेंडी, हरभरा, केळफूल. संपादक दिपमालाताईंची एकच अट होती. चित्रं टॅबवर काढा, पण कागदावर हाताने काढल्यासारखी दिसली पाहिजेत. म्हणून प्रज्ञा रेषा गुळगुळीत करणारी सोय बंद ठेवायची, रंग कडेबाहेर जरासा ओघळू द्यायची. यंत्राला थरथरायला शिकवायचं, असा तो सगळा उद्योग होता आणि तिला तो मनापासून आवडायचा.

बारावं फूल कपाशीचं. ते सोपं म्हणून तिने शेवटी ठेवलं होतं. तिच्या आईने, पार्वताबाईंनी, तीस वर्षं बोरी नदीकाठच्या गावात दुसऱ्यांच्या शेतात कापूस वेचला होता आणि त्याच वेचणीवर प्रज्ञाला धुळ्याच्या वसतिगृहात ठेवून शिकवलं होतं. त्यामुळे झालं असं, की कपाशीवर वाढलेल्या या मुलीने कपाशीचं फूल नीट निरखून कधी पाहिलंच नव्हतं.

आता दोघी अमळनेरला दोन खोल्यांच्या घरात राहत होत्या. नोव्हेंबरात, ऐन वेचणीत, पार्वताबाई शेतातच कोसळल्या. तोंड थोडं वाकडं झालं ते सुधारलं, पाय ओढत का होईना चालू लागला, पण उजवा हात गेला. मूठ वळलेली ती वळलेलीच. त्या हाताला गरम कळेना की गार. धुळ्याचे डॉक्टर म्हणाले होते, जे काय यायचं ते सहा महिन्यांत येईल, पुढे फार आशा धरू नका. त्यातले साडेचार महिने संपले होते. खरा घोर वेगळाच होता. पार्वताबाईंना दुसऱ्याच्या हातचा घास गिळवत नव्हता आणि डाव्या हाताने जेवणं त्यांना मान्य नव्हतं. चार घासांवर तोंड फिरवायच्या. अंगावरचं पोलकं महिन्या-महिन्याने ढगळ होत चाललं होतं. हात आला नाही तर आई अशीच झिजून जाईल, हे प्रज्ञाला कळत होतं आणि त्यावर तिच्याकडे काही इलाज नव्हता.

मार्चच्या शेवटच्या आठवड्यात, एका दुपारी, तिने कपाशीचं फूल काढलं. टॅबवर एकेक पाकळी वेगळ्या थरावर काढतात, पारदर्शक कागद एकावर एक ठेवावेत तशी. तिने एक पाकळी मन लावून रंगवली, फिकट पिवळी, आणि तिच्याच चार प्रती करून गोल फिरवून मांडल्या. हा आळस नव्हे, धंद्याची रीत आहे. खाली तीन हिरवी झालरीची पानं, एक फांदी, दोन पानं. चित्र देखणं झालं, म्हणून तिने ते आईपुढे धरलं.

पार्वताबाईंनी बराच वेळ पाहिलं. मग डाव्या हाताचं बोट सर्वांत वरच्या पाकळीवर ठेवलं.

"हाई पाकळी खोटी शे."

कपाशीची पाकळी एका बाजूने शेजारणीवर असते आणि दुसऱ्या बाजूने शेजारणीखाली, असं त्यांनी अडखळत सांगितलं. पाचही तशाच. फेर धरलेल्या बायकांसारख्या, त्यांत पहिली कोण नि शेवटची कोण ते सांगता येत नाही. प्रज्ञाची पाचवी पाकळी मात्र दोघींच्या उरावर बसली होती. प्रज्ञाला आईचं पटलं आणि थोडा रागही आला, कारण थरांत असा फेर बसतच नाही. शेवटचा थर सगळ्यांच्या वर असणार. पाकळी कापावी लागेल. उद्या बघू म्हणून तिने टॅब ठेवून दिला.

सकाळी उघडला तर पाचव्या पाकळीची एक कड पहिलीखाली गेलेली होती.

आपणच झोपेच्या भरात केलं असेल म्हणून तिने थर तपासले. पाचवा थर सर्वांत वर, जागच्या जागी. बाकीचे चार लपवले, तर पाकळी अखंड दिसली, कुठेही कापलेली नाही. चार परत दाखवले, की कड पहिलीखाली. तिने हे वीस-एक वेळा करून पाहिलं. शेवटी काहीतरी बिघाड असेल असं स्वतःला समजावून तिने चित्राची एक प्रत दिपमालाताईंना पाठवून दिली. त्यांचा लगेच निरोप आला, फार सुरेख, अगदी जिवंत.

दुसऱ्या दिवशी फूल गुलाबी होतं.

पाठवलेली प्रत पिवळीच होती. तिने दिपमालाताईंना फोन करून विचारलंसुद्धा. बदलली होती ती फक्त टॅबमधली मूळ फाईल. त्या ॲपमध्ये आपण काढलेली प्रत्येक रेघ पहिल्यापासून पुन्हा चालवून पाहता येते. प्रज्ञाने ती चालवली. तिच्याच हाताच्या रेघा, तिचाच पिवळा रंग, शेवटी तिने पेन उचललं तिथे खेळ संपला. गुलाबी रंग कुणी भरला त्याची एकही रेघ त्यात नव्हती.

प्रज्ञा अंगारे-धुपारे मानणाऱ्या घरातली नव्हती. जे दिसतं ते पारखून घ्यावं, असंच तिला घरात शिकवलं होतं. तिने पारखून घेतलं होतं आणि तरी ते तिथेच होतं. फाईल पुसून टाकावी म्हणून तिने बोट लावलं, तेवढ्यात खाटेवरून आईने हाक मारली. झाड दाखव म्हणाल्या.

प्रज्ञाने टॅब समोर धरला. वाटलं, घाबरतील. पार्वताबाईंना त्यात नवल असं काही दिसलंच नाही.

"फूल शे ना ते? मंग दुसरा दिन गुलाबी व्हईच."

आणि हसल्या. साडेचार महिन्यांत पहिल्यांदा. त्या दुपारी त्यांनी प्रज्ञाच्या हातून चतकोर भाकरी मागून खाल्ली. भीती प्रज्ञाला होतीच, पण आईने आपण होऊन घास मागितला याचा आनंद भीतीहून मोठा होता. फाईल पुसायची नाही, असं तिने ठरवून टाकलं.

तिसऱ्या दिवशी पाकळ्या कोमेजून गळाल्या. चित्राच्या तळाशी, मोकळ्या पांढऱ्या जागेत, त्या सुरकुतून पडल्या होत्या. फुलाच्या जागी हिरवा ठिपका राहिला. त्यानंतर रोज सकाळी अंघोळ झाली की पार्वताबाई टॅब मांडीवर मागायच्या. चौदा एप्रिलला शेजारच्यांकडून खीर आली, त्या दिवशी कैरी लिंबाएवढी झाली होती. कपाशीच्या बोंडाला इकडे कैरीच म्हणतात. प्रज्ञा ती मोजपट्टीने मोजायची आणि वहीत लिहायची. रोज थोडी वाढ होती. फांदी तिनेच काढलेली, हाताने काढल्यासारखी थरथरती, आणि त्या थरथरत्या रेषेवर ते ओझं वाकून आलं होतं.

मंगळवारी आणि शुक्रवारी शिल्पा मॅडम व्यायाम करून घ्यायला यायच्या. त्यांनी दिलेला मऊ चेंडू पार्वताबाईंनी दोनदा खिडकीतून बाहेर टाकला होता. आता मात्र त्या वळलेली मूठ टॅबवर ठेवून बसायच्या. एकदा त्या मुठीचा अंगठा हलला. शिल्पा मॅडमनी पुन्हा पुन्हा पाहिलं, टाचणीचं टोक बोटांना लावलं. बोटांना काही कळलं नाही. प्रज्ञाला दाराबाहेर नेऊन त्या हळूच म्हणाल्या, फार मनावर घेऊ नका, कधीकधी नुसता झटका येतो.

मे उजाडला. पारा चव्वेचाळीसवर गेला. गावाबाहेरची रानं नांगरून काळी पडली होती, कोसभर कुठे हिरवं पान नव्हतं. डॉक्टरांचे सहा महिने भरायला तीन दिवस उरले होते. प्रज्ञाने वहीत कैरीचं माप लिहिलं. ते चार दिवसांपासून तेवढंच होतं. कैरी तपकिरी पडली होती आणि तिच्यावर बारीक चिरा दिसत होत्या. माप वाढत नाही म्हणून ती हिरमुसली. आईला विचारलं तर त्या एवढंच म्हणाल्या, "आते वाढाव नही. आते उलई." आता वाढणार नाही, आता उकलेल.

त्या दुपारी लाईट गेली. कूलर थांबला. प्रज्ञा पाण्याची बादली भरायला मागच्या नळावर गेली. पाणी बारीक होतं. पाच मिनिटं लागली असतील, फार तर सात.

परत आली तेव्हा पार्वताबाई खाटेवर ताठ बसल्या होत्या.

टॅब मांडीवर होता. पडद्यावर कैरी उकललेली होती. चार वाळक्या फाका चार दिशांना उघडलेल्या. टोकं वर आलेली, काट्यासारखी टणक.

आत कापूस नव्हता.

प्रज्ञाने बादली खाली ठेवली. तिची नजर पडद्यावरून आईच्या हाताकडे गेली. उजव्या हाताकडे.

मूठ उघडी होती. तळवा वर करून तो हात मांडीवर पडला होता, दमल्यासारखा.

"माय," प्रज्ञा म्हणाली.

पार्वताबाईंनी पाचही बोटं एकदा मिटली, एकदा उघडली.

"माले भाकर दे. मी मन्हा हातखाल खासू."

प्रज्ञाने ताट वाढलं. ज्वारीची भाकरी, वांग्याची भाजी, कडेला ठेचा. आपले डोळे वाहताहेत, हे तिला ताट ठेवल्यावर कळलं. पार्वताबाईंनी उजव्या हाताने तुकडा मोडला. मोडता मोडता तो निसटला. पुन्हा मोडला. ठेच्याला लावला, तोंडापर्यंत नेला, खाल्ला. दुसरा खाल्ला. अख्खी भाकरी त्यांनी कुणाच्या मदतीशिवाय संपवली, सावकाश, इकडेतिकडे न बघता, आणि दुसरी मागितली. प्रज्ञा समोर जमिनीवर बसून पाहत होती. एवढं सुख तिला उभ्या जन्मात कशाचं झालं नव्हतं.

दुसऱ्या भाकरीला पार्वताबाईंनी तोंड कसनुसं केलं आणि बोटं झटकली.

प्रज्ञाने विचारलं, काय झालं. ठेचा झोंबतो म्हणाल्या. टाचणी न कळणाऱ्या त्या बोटांना ठेचा झोंबत होता. प्रज्ञाने घाईने तो हात हातात घेतला, तांब्यातल्या पाण्याने धुतला आणि उजेडाकडे धरला.

अंगठ्यावर आणि शेजारच्या दोन बोटांच्या टोकांवर बारीक ओरखडे होते. आडवे-उभे, ताजे, एकदोन ठिकाणी रक्ताचा टिपूस. सहा महिने हा हात अंथरूण आणि टॅब सोडून कशालाही लागला नव्हता.

पार्वताबाईंनी हात सोडवून घेतला आणि पुढचा तुकडा मोडला.

"पहिली येचनीले आसंच व्हस," त्या म्हणाल्या.