विळा घेऊन या!

"आमच्या आजीनं पैठणी काढून ठेवली," हर्षल म्हणाला. "तुमच्या आजीनं?"

अश्वजितने बॅट खाली टाकली. "विळा. अन् फाटकं लुगडं."

"काऊन बे?"

"कडूबाकाकानं तसंच सांगतलं."

उन्हाळ्याची सुट्टी होती आणि धाड गावाजवळच्या त्यांच्या खेड्यात घरोघर फोटोची तयारी चालली होती. पुण्याहून अनुपमाताई कॅमेरा घेऊन आली होती. गावातल्या म्हाताऱ्या माणसांचे फोटो काढून ती शहरात प्रदर्शन भरवणार होती. घरोघर निरोप द्यायचं काम कडूबाकाकांनी अंगावर घेतलं होतं. गावात न विचारता पुढे होणारा एक माणूस असतोच, तसे हे.

अश्वजित आणि त्याची धाकटी बहीण धम्मशीला यांच्या आजीचा, भिमाबाईंचा, एकटीचा फोटो म्हणजे फक्त आधार कार्डावरचा. म्हणून त्यांनी पांढरं लुगडं धुऊन, इस्त्री करून ठेवलं होतं. शाळेसमोर खुर्चीवर बसायचं, असं ठरवलं होतं. मग कडूबाकाका आले. तुमच्या वस्तीतल्या लोकांनी कामाच्या कपड्यांत यायचं, शहरातले लोक तेच बघायला येतात, असं सांगून गेले. भिमाबाईंनी लुगडं पेटीत टाकलं. तेव्हापासून त्या घरात आदळआपट करत होत्या.

"ताईलेच विचारू," धम्मशीला म्हणाली. ती सर्वांत लहान, पण तिघांत डोकं तिचंच चालायचं.

शाळेच्या व्हरांड्यात अनुपमाताई पडदा बांधत होती. तिने ऐकलं आणि तिचा चेहराच उतरला. तिने सगळ्यांसाठी एकच निरोप दिला होता. कपडे तुमच्या आवडीचे, जागा तुम्ही निवडायची, हातात काय धरायचं ते तुम्ही ठरवायचं. काढलेला फोटो दोघांनी मिळून बघायचा आणि नाही आवडला तर पुसून टाकायचा. फोटो जितका तिचा, तितकाच बसणाऱ्याचा.

आत्ताच्या आत्ता कडूबांना जाब विचारते म्हणून ती निघाली, तर धम्मशीलाने तिला अडवलं. काका म्हणतील, लोकांची ऐकण्यात चूक झाली, आणि गाव त्यांचंच खरं मानेल. त्यापेक्षा ताईने हेच सगळं मोबाइलमध्ये बोलून द्यावं.

ग्रामपंचायतीत भोंगा होता आणि माइकपाशी कडूबाकाकाच बसलेले होते. आत हर्षल गेला. गावात ज्यांचा शब्द चालतो, त्या पुंजाजींच्या नातवाला तिथे कुणी हटकत नाही. अश्वजितला दारातच थांबवलं असतं, हे तिघांनाही माहीत होतं. उद्याची क्रिकेटची मॅच सांगायची आहे, असं हर्षलने सांगताच काकांनी कौतुकाने स्वतःच माइक चालू करून दिला. हर्षलने मोबाइल माइकला लावला.

अनुपमाताईचा आवाज गावभर गेला. काकांनी बटण शोधेपर्यंत सगळं सांगून झालं होतं!

दुसऱ्या दिवशी सकाळी वस्तीतली माणसं आली, ती आपापल्या मनासारखी नटून. भिमाबाई पांढऱ्या लुगड्यात खुर्चीवर बसल्या. कडूबाकाका, आपण दोन निरोप दिलेच नव्हते, असं भेटेल त्याला सांगत फिरत होते.

तेवढ्यात पुंजाजी आले. त्यांनी तिन्ही पोरांना जवळ बोलावून सर्वांदेखत शाबासकी दिली. असे लेकरं गावात पाहिजेत, म्हणाले. इतर मोठ्यांनीही माना डोलावल्या. हर्षल मात्र आजोबांच्या हाताखालून बाजूला झाला. कडूबाकाकांनी दोन्ही निरोप हर्षलच्याच घरी चहा पिताना बोलून दाखवले होते. आजोबा तेव्हा नुसतं "बरं" म्हणाले होते, आणि ते हर्षलने ऐकलं होतं. त्याला आजोबांची लाज वाटली. अशी लाज त्याला आधी कधी वाटली नव्हती.

"पुंजाजीभाऊ," खुर्चीवरून भिमाबाई म्हणाल्या, "लेकरांचं कौतुक करा, मले आनंद हाय. पन हे तुमी बोलाले पायजे होतं. तुमाले तर माइकबी लागला नसता."

पुंजाजींनी चष्मा काढला. तो पुसत ते उभे राहिले.

अनुपमाताईने कॅमेरा डोळ्याला लावला. "आजी, थोडं हसता का?"

"नाई. मनासारखा फोटो म्हनलं ना तुमी? आज मले राग आलेला हाय. तोच येऊ द्या."

ताईने फोटो काढला. मग दोघींनी मिळून तो पाहिला आणि भिमाबाईंनी तो ठेवायला सांगितला.